पिशवी तात्पुरती की कायमची? आधीच विचारा
(रौप्यमहोत्सवी ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



बँकेत कर्ज मंजूर करताना आम्ही जोखीम पाहायचो. कर्ज बुडेलच असं त्यावरून ठरत नसे, पण तयारी करता येई. आज एका आजाराची जोखीम सांगतो.

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. त्याच्या कॅन्सरसाठी लंडनच्या डॉ. माइल्स यांनी १९०८ साली मांडलेल्या शस्त्रक्रियेत गुदद्वारही काढत आणि पोटावर शौचाची पिशवी जन्मभर राही. आता अनेकांचं आतडं पुन्हा जोडता येतं. जोडलेली जागा भरून येईपर्यंत आतड्याचं तोंड पोटावर काढतात, त्याला स्टोमा म्हणतात. काही महिन्यांनी तो बंद करतात. तरी तात्पुरती म्हणून लावलेली पिशवी साधारण पाच-सहा जणांत एकाची कायम राहते.

कोणाची राहील, याचा अंदाज डॉक्टर बांधू शकतात. गाठ गुदद्वाराच्या किती जवळ आहे? आजार इतरत्र पसरला आहे का? रेडिएशन झालंय का? वय किती, इतर आजार कोणते? आणि ऑपरेशननंतर जोडलेल्या जागेतून गळती झाली का? हे प्रश्न आधीच विचारा. मात्र उत्तर म्हणजे अंदाज, निकाल नव्हे.

माझी पिशवी राहिली. चार वर्षं झाली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे आजच कळतंय. डॉक्टरांनी शक्यता आधीच सांगितली होती, म्हणून घरचे खचले नाहीत. बसवून, उभं करून पोटावर जागेची खूण आधीच केली होती, त्यामुळे पँटचा पट्टा आड येत नाही. मी बाजारात जातो, बसने नागपूरला जातो, मंडईतलं नाटक रात्रभर पाहतो.

"पिशवी लागेल, ऑपरेशनच नको," असं म्हणणारे मी पाहिलेत. तसं करू नका. शौचातून रक्त गेलं की मूळव्याध समजून घरीच औषध करत बसू नका. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे, मुंबईला टाटा आहे. पिशवीवाल्यांना मदत करणारी ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया मुंबईत १९७५ पासून आहे.

आपल्या सोसायटीत कोणावर ही वेळ आली, तर लपवू नका. माझं दार वाजवा. पिशवी कशी बदलायची, ते मी दाखवीन.