अक्कलदाढ आणि नंतरचे आठ दिवस



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, शेती असे विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्यांच्या पंगतीत आज एक दाढ येऊन बसली आहे, हे पाहून काहींना हसू आले असेल. हसून घ्यावे. ज्याची अक्कलदाढ दुखते त्याला हसता येत नाही, जांभईदेखील पुरती देता येत नाही.

खरे म्हणजे दातांचे महत्त्व देवणीला सांगावे लागू नये. या गावाच्या नावाची गाय आणि बैल सगळ्या देशात ओळखले जातात. बाजारात बैल पाहणारा शेतकरी आधी त्याचा जबडा उघडतो. दोनदाती आहे, चारदाती आहे, सहादाती आहे की जुळलेला आहे, हे पाहिल्यावाचून तो किमतीची गोष्टच काढीत नाही. धर्माच्या गाईचे दात पाहू नयेत अशी म्हण आहे, यावरून विकतच्या गाईचे पाहायचेच हे उघड होते. परंतु बैलाच्या तोंडात इतक्या जाणतेपणाने डोकावणारा हाच गृहस्थ आपल्या वीस वर्षांच्या मुलाच्या तोंडात एकदाही डोकावत नाही. मुलाचा गाल सुजून डोळा झाकू लागला, म्हणजे मग धावपळ सुरू होते. ही धावपळ टळावी, आणि दाढ काढावीच लागली तर जखम नीट भरून यावी, एवढ्यासाठीच आजचे हे बोलणे आहे.

आपल्या बत्तिशीतले शेवटचे चार सभासद म्हणजे अक्कलदाढा. साधारणपणे सतराव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या दरम्यान त्या उगवतात. माणसाला समज येण्याचे हे वय, म्हणून त्यांना हे नाव पडले. जपानी भाषेत या दाढेच्या नावाचा अर्थ ‘आईबापांना न कळलेली’ असा होतो, तर कोरियात तिला ‘प्रेमाचा दात’ म्हणतात. नाव कोणतेही असो, ही दाढ आल्याने कोणाची अक्कल वाढल्याचे किंवा काढल्याने कमी झाल्याचे वैद्यकाला ठाऊक नाही. तसेच वरची दाढ काढली की डोळे जातात, ही समजूतही साफ खोटी आहे. दाताची नस निराळी आणि दृष्टीची नस निराळी.

मग ही दाढ त्रास का देते? ती उशिरा येते, आणि उशिरा आलेल्या पाहुण्याला घरात जागा उरलेली नसते. जबड्याचे हाड अपुरे पडले की दाढ तिरपी होते, आडवी होते, किंवा अर्धी वर येऊन अर्धी हिरडीखाली अडकते. या अर्धवट दाढेवर हिरडीचा एक पदर राहतो. त्या पदराखाली अन्नाचे कण साचतात, तेथे घासणीचा केस पोहोचत नाही, आणि मग सूज, ठणका, तोंड न उघडणे असा सारा प्रकार सुरू होतो. हे दुखणे काही आजचे नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘अधिमांसक’ नावाचा रोग सांगितला आहे: जबड्याच्या शेवटच्या दाताशी मोठी सूज, अतिशय वेदना आणि तोंडातून लाळ. आमच्याकडे येणारा तरुण गालाला रुमाल लावून जे सांगतो, ते याहून वेगळे नसते.

येथे दोन टोकांच्या चुका होतात. पहिली चूक म्हणजे दुखणे दाबीत राहण्याची. कोणी लवंग धरतो, कोणी तंबाखूची चिमूट दाबतो, कोणी बिब्बा सुचवतो, कोणी डोकेदुखीची गोळी कुटून हिरडीवर ठेवतो. लवंगेने घटकाभर बरे वाटते, हे मी नाकारीत नाही. परंतु बिब्ब्याने आणि गोळीच्या पुडीने हिरडी भाजते, आणि तंबाखूबद्दल पुढे बोलणारच आहे. मग औषधाच्या दुकानातून विचारल्याशिवाय दोन दिवसांच्या गोळ्या येतात. सूज बसते, आणि दाढ बरी झाली असे वाटते. बरी झालेली नसते; ती पुढच्या खेपेची वाट पाहत असते. असा पू कधी कधी जबड्याखाली, जिभेखाली आणि गळ्याकडे उतरतो. जर्मन वैद्य लुडविग याने १८३६ साली या विकाराचे वर्णन केले, आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्यात जीभ वर उचलली जाते, गिळता येत नाही, श्वास कोंडतो. दाढेच्या दुखण्याने माणूस दगावतो तो या वाटेने. म्हणून जबड्याखाली सूज आली, ताप आला, थुंकी गिळेना किंवा श्वासाला अडथळा वाटू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जावे.

दुसरी चूक याच्या उलट आहे. शेजाऱ्याची दाढ काढली म्हणून आपली निरोगी दाढही काढून टाकायची! जी दाढ सरळ आली आहे, चावायला उपयोगी पडते, जी नीट घासता येते, तिने आपले काय घोडे मारले आहे? हाडात निवांत झोपलेली निरोगी दाढदेखील केवळ ‘पुढे त्रास देईल’ म्हणून काढू नये, असे मार्गदर्शन इंग्लंडमध्ये २००० साली राष्ट्रीय पातळीवरच दिले गेले. वारंवार सूज, किडलेली दाढ, शेजारच्या दाढेला लागलेली कीड, गाठ किंवा पू ही काढण्याची कारणे. हे ठरवायला क्ष-किरणांचे चित्र लागते. म्हणून चित्राशिवाय घाई नाही, आणि चित्रात दोष दिसल्यावर दिरंगाई नाही.

काढायचे ठरले, तर वेळ निवडावी. आपली मुले अकरावी-बारावीला उदगीर-लातूरला जातात, ती नेमकी याच वयात. परीक्षेच्या तोंडावर दाढ उठली की वर्षाचे कष्ट पणाला लागतात. म्हणून परीक्षा संपल्यावर सुटीत दाखवून घ्यावे. शेतकऱ्याने सुगी आणि पेरणी टाळावी. दुखणे भडकलेले असताना डॉक्टर आधी ते शांत करतात आणि मग दाढ काढतात. त्याला चालढकल समजू नये.

तयारीत सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे खरे सांगणे. मधुमेह, रक्तदाब, हृदयाची झडप, दमा, एखाद्या औषधाने पूर्वी आलेले पित्त, दिवस गेलेले असणे, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली औषधे: काहीही लपवू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये. तिच्यासाठी पुष्कळदा हृदयाच्या डॉक्टरांनाही विचारावे लागते. केवळ जागा बधिर करून दाढ काढायची असेल, तर घरून पोटभर जेवून जावे. उपाशी माणसाला सुईपेक्षा भूकच चक्कर आणते. संपूर्ण भूल द्यायची असेल, तर मात्र डॉक्टर सांगतील तितके तास कडक उपाशी राहावे. बरोबर एक जाणते माणूस असावे. आदल्या रात्री व सकाळी दात स्वच्छ घासावेत.

भीती वाटते, हे मी समजू शकतो. आपल्या आजोबांच्या काळी दाढ काढणे म्हणजे दोघांनी धरायचे आणि तिसऱ्याने ओढायचे. आज तसे नाही. अमेरिकेतील बोस्टन येथे मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने १८४६ साली ईथरची भूल जगाला दाखवून दिली. स्वीडनमध्ये १९४३ साली लिग्नोकेन हे औषध तयार झाले. आज दाढेजवळ जी सुई टोचतात, तिच्यात बहुधा तेच असते. आपल्याकडे १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला, त्याच वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतरही कितीतरी वर्षे येथल्या माणसाला दातासाठी मुंबई किंवा हैदराबाद गाठावे लागे. १९८२ साली छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, शासकीय दंतमहाविद्यालय झाले. आज लातुरातही दंतमहाविद्यालय आहे. बधिर केल्यावर दाब कळतो, आवाज कळतो, परंतु वेदना कळू नये. कळली तर हात वर करावा. डॉक्टर थांबतात आणि औषध वाढवितात. अडकलेली दाढ असेल, तर हिरडी थोडी उघडून, थोडे हाड कोरून, दाढेचे तुकडे करून ती काढतात आणि टाके घालतात. खालच्या दाढेजवळून ओठाची व जिभेची नस जाते, त्यामुळे क्वचित काही दिवस वा आठवडे बधिरपणा राहतो, आणि अगदी विरळा तो कायमचा राहतो. हा धोका आधी विचारून घेणे हा आपला हक्क आहे.

आता मुख्य गोष्ट. दाढ निघाली की हाडात एक खड्डा राहतो. तो रक्ताने भरतो आणि ते रक्त गोठते. ही गुठळी पाहून लोक घाबरतात, ती खरवडून काढतात, खळखळून धुऊन टाकतात. श्रोतेहो, ती गुठळी म्हणजे घाण नव्हे. तीच पट्टी, तेच मलम आणि तेच नव्या हाडाचे वाफे. पेरलेल्या तासावरून आपण गुरे फिरवतो काय? मग या वाफ्यात बोट, काडी आणि जीभ का फिरवावी? ती गुठळी निघून गेली की हाड उघडे पडते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी असा ठणका लागतो की कानशिलापर्यंत कळ जाते. डॉक्टर याला ड्राय सॉकेट म्हणतात. असे झाले तर पुन्हा त्यांच्याकडे जावे. तेथे औषधाची पट्टी ठेवली की आराम पडतो.

म्हणून पहिले चोवीस तास असे पाळावेत. दिलेला कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून ठेवावा. एसटीत बसल्यावर तो काढून पाहण्याचा मोह टाळावा. थुंकू नये, लाळ गिळावी. चूळ भरू नये. उसाचा रस असो वा शहाळे, नळीने ओढू नये, पेल्याने प्यावे. बधिर ओठ चावला जात नाही ना, याकडे लक्ष द्यावे. बाहेरून गालावर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, मग तेवढाच वेळ विसावा द्यावा. लाळेला लाली दिवसभर दिसते, तिने घाबरू नये. तोंड भरून रक्त येत असेल, तर स्वच्छ बोळा पुन्हा अर्धा तास दाबावा; तरीही थांबेना, तर डॉक्टर गाठावा.

दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाणी, पेल्याला अर्धा चमचा मीठ, तोंडात हळूच फिरवून सोडून द्यावे, जेवणानंतर प्रत्येक वेळी. बाकीचे दात घासावेत. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, त्यानंतर ती उतरू लागते. तिसऱ्या दिवसानंतर ती वाढत असेल, तर ते लक्षण चांगले नव्हे. खाण्याचे म्हणाल तर आपल्या घरात काय नाही? ताक, गार आंबील, मऊ भात, शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, वरण. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा यांना आठ दिवस सुटी द्यावी. उन्हाळा आहे, पाणी भरपूर प्यावे.

आणि तंबाखू, मिश्री, विडी, गुटखा! धूर ओढल्याने गुठळी हलते, तंबाखूने रक्तपुरवठा घटतो, आणि पिचकारी मारली की सगळेच संपले. राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे, परंतु गालातली गोळी अजून गेलेली नाही. सुपारी-गुटख्याने गाल आतून आवळत जातात आणि तोंड दोन बोटेही उघडत नाही. अशा माणसाची दाढ काढायची कशी? निदान आठ दिवस तरी सोडा. ज्याला आठ दिवस सोडता आली, त्याला नववा दिवसही सोडता येतो.

शेवटी भगिनींविषयी, किंबहुना त्यांच्या घरच्यांविषयी बोलतो. मुलाची दाढ काढली तर त्याला गादी घातली जाते. सुनेची काढली तर ती संध्याकाळी चुलीपुढे वाकलेली आणि हंडा उचलताना दिसते. वाकण्याने, ओझ्याने आणि चुलीच्या धगीने रक्त पुन्हा सुरू होते. तिला दोन दिवस उशी उंच करून पडू द्या. हा लाड नाही, हा उपचाराचाच भाग आहे.

दाढ काढण्याचे काम डॉक्टरांचे. ते बहुधा तासाभरात आटोपते. जखम भरण्याचे काम शरीराचे. ते आठवडे चालते, आणि खड्ड्यातले हाड भरून यायला महिने लागतात. आपल्या वाट्याला येते ते एवढेच की, वेळेवर जावे, खरे सांगावे आणि त्यानंतर शरीराच्या कामात हात घालू नये. आज घरी गेल्यावर घरातल्या सतरा ते पंचवीस वर्षांच्या मुलामुलींना दिव्याजवळ बसवून तोंड उघडायला सांगा. शेवटच्या दाढेशी हिरडी लाल किंवा सुजलेली दिसली, तर या सुटीतच दाखवून घ्या.