दोन तालवाद्यांचा संवाद

कर्नाटक संगीताच्या मैफलीत एक क्षण असा येतो की, गायक थांबतो, व्हायोलिन मिटते आणि रंगमंच केवळ तालवाद्यांच्या स्वाधीन होतो. या भागास ‘तनि आवर्तनम्’ असे म्हणतात. नेमक्या याच वेळी सभागृहातील काही मंडळी उठून बाहेर जातात, ही जुनी तक्रार आहे. गाण्याची साथ सुटली की तालवाद्यापाशी केवळ गणित उरते, असा या उठून जाण्याचा अर्थ होतो. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार बेंगळूरु शहराच्या निमित्ताने करणे सोयीचे ठरते. कारण तालवाद्यांना स्वतंत्र व्यासपीठ मिळावे, यासाठी या शहरात पुष्कळ काम झाले आहे.

१९६४ मध्ये मृदंगवादक टी. ए. एस. मणी यांनी येथे ‘कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन’ ही संस्था स्थापन केली. ‘ताल तरंगिणी’ हा त्यांचा वाद्यवृंद. नावातच लाटांची उपमा आहे. गायिका आर. ए. रमामणी यांच्यासह या संस्थेने अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो यांच्याबरोबर १९८३ मध्ये ‘ज्योती’ ही ध्वनिमुद्रिका केली. परक्या देशातील श्रोत्यांना रागाची ओळख नसली, तरी लयीचे बोल त्यांच्यापर्यंत पोहोचतात, हे अशा प्रयोगांतून दिसून आले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तालशास्त्र हे निव्वळ गणित आहे काय? त्यातील परिभाषाच याचे उत्तर देते. लयीच्या आकृतीला शास्त्रात ‘यती’ म्हणतात. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथातही यतीचे विवेचन आहे. एक यती ‘स्रोतोगता’, म्हणजे उगमाशी बारीक असून पुढे रुंदावणाऱ्या प्रवाहासारखी. दुसरी ‘गोपुच्छा’, म्हणजे गाईच्या शेपटीप्रमाणे शेवटाकडे निमुळती होत जाणारी. शास्त्रकारांनी आकड्यांना नावे दिली ती नदीकाठी आणि गोठ्यात जे पाहिले त्यावरून.

एक साधे उदाहरण घ्यावे. आदि तालात आठ ठोके असतात. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले की बत्तीस मात्रा होतात. मृदंगवादक ‘त’, ‘तक’, ‘तकिट’, ‘तकधिमि’, ‘तकतकिट’ असे एक, दोन, तीन, चार, पाच अक्षरांचे बोल वाजवतो. बेरीज पंधरा, एक मात्रा विसावा घेतला की सोळा, म्हणजे अर्धे आवर्तन. ही झाली वाढत जाणारी नदी. उरलेल्या अर्ध्या आवर्तनात घटम्‌वादक तेच बोल उलट क्रमाने वाजवतो: पाच, चार, तीन, दोन, एक आणि विसावा. नदी पुन्हा उगमाकडे परतते आणि दोघे समेवर भेटतात. आकडे मोजणाऱ्याला हे गणित वाटेल, ऐकणाऱ्याला मात्र ते चित्र वाटेल.

युगलवादनाची प्रचलित घडण पाहिली तरी हेच आढळते. आरंभी दोघे वादक आळीपाळीने प्रदीर्घ वादन करतात. मग ‘कुरैप्पु’ येतो. तमिळमध्ये याचा अर्थ कमी करणे. प्रश्नोत्तरे दोन आवर्तनांची, मग एकाची, मग अर्ध्याची, असे करता करता दोन वाद्यांमधील अंतर नाहीसे होते. शेवटची ‘कोरवै’ दोघे एकत्र तीनदा वाजवतात. दोन माणसांच्या संभाषणाची हीच रीत नव्हे काय? आरंभी लांबलचक विधाने, आणि मने जुळली की अर्धा शब्द पुरेसा.

निसर्गाप्रमाणेच काव्याशीही लयीचे नाते आहे. कन्नड काव्यातील रगळे या छंदप्रकारात तीन मात्रांच्या गणांना ‘उत्साह’, चारांच्या गणांना ‘मंदानिल’ आणि पाचांच्या गणांना ‘ललित’ म्हणतात. मंदानिल म्हणजे मंद वारा. कुमारव्यासाने कन्नड महाभारत ज्या भामिनी षट्पदीत रचले, तिच्यात तीन आणि चार मात्रांचे गण एकामागून एक येतात. मृदंगाच्या भाषेत ही सातांची मिश्र जाती. मराठी वाचकाला जवळचा दाखला ‘मनाचे श्लोक’ या समर्थकृतीचा. तिचे वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे सापाची चाल. एक लघू व दोन गुरू मिळून पाच मात्रा, असे चार गण एका चरणात. म्हणजे वीस मात्रा. ही खंड जाती झाली. चार चरणांच्या ऐंशी मात्रा आदि तालात अडीच आवर्तने व्यापतात. म्हणून एक श्लोक संपतो तो आवर्तनाच्या मध्यावर. दुसरा श्लोक संपतो तेव्हा मात्र पाच आवर्तने पुरी होऊन सम हाती येते. एका वादकाने प्रश्न अधांतरी सोडावा आणि दुसऱ्याने तो मार्गी लावावा, अशी योजना या वृत्तात आपोआपच सिद्ध आहे.

वाद्यांचा देहही निसर्गाचाच. मृदंगाचे खोड फणसाच्या लाकडाचे, त्यावर जनावरांचे कातडे. हवा दमट झाली की त्याचा सूर उतरतो. घटम् म्हणजे भाजलेली माती. त्याचा सूर भट्टीतच ठरतो. या मातीला बेंगळूरुच्या सुकन्या रामगोपाल यांनी नवे स्थान मिळवून दिले. चेन्नईत विक्कू विनायकराम यांच्याकडे त्यांनी घटम् शिकण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा हे वाद्य मुलीच्या हातांना कठीण जाईल, असे त्यांना सांगण्यात आले. विनायकराम यांचे वडील हरिहर शर्मा यांनी मात्र त्यांना शिकवण्याचे मनावर घेतले. पुढे सुकन्याबाईंनी निरनिराळ्या सुरांचे घट एकत्र मांडून ‘घट तरंग’ साकारला, १९९५ मध्ये ‘स्त्री ताल तरंग’ हा स्त्रियांचा वाद्यवृंद उभारला, आणि २०१४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना लाभला. ज्या वाद्याला साथीतही दुय्यम स्थान होते, ते त्यांच्या हाती रागही आळवू लागले.

तेव्हा सभागृहातून उठून जाणाऱ्या श्रोत्याला दोष देणे सोपे आहे. पण काही जबाबदारी वादकाकडेही येते. मोजणी अचूक असूनही वादन कोरडे होऊ शकते. हिशेबामागची नदी, वारा आणि कवितेची चाल वादकाला स्वतःला ऐकू येत असेल, तरच ती श्रोत्याला ऐकू येईल. श्रोत्यानेही एकदा हातावर ताल धरून शेवटपर्यंत बसून पाहावे. दोन वादक वेगवेगळ्या वाटांनी निघून एकाच समेवर येतात, त्या क्षणी शब्दांवाचून बोलणे म्हणजे काय, याचा त्याला उलगडा होईल.