दोन सीटांची गाडी

(आपल्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काल याच ठिकाणी ज्ञानेश्वरीवर प्राध्यापक बोलून गेले. उद्या मधुमेहावर डॉक्टर बोलणार आहेत. मधला दिवस रिकामा राहू नये म्हणून सचिवांनी मला उभं केलंय. मी डिप्लोमावाला माणूस. राज्य शासनाच्या एका खात्यात बावीस वर्षं नोकरी झाली, काम खात्याच्या गाड्यांच्या देखभालीचं. गाडी किती चालली, डिझेल किती प्यायली, क्लच प्लेट कधी बदलली, त्या लॉगबुकांवर सह्या करणं. सचिव म्हणाले, मग गाड्यांवरच बोल. मी विचारलं, सरकारी गाड्यांवर काय बोलू? सगळ्या पांढऱ्या. तेव्हा शौकाच्या गाड्यांवर बोलतो.

विषय डोक्यात आला तो ताईच्या फोनमुळे. ताई समोरच बसली आहे, तिची परवानगी काढली आहे. भाचा अमेरिकेत ओहायोत असतो, नोकरी बरी आहे. एका रात्री साडेदहाला ताईचा फोन. "अरे, ह्याने गाडी घेतली. जुनी. १९९० सालची! आणि दोनच सीटा आहेत. आम्ही तिकडे गेलो तर बसायचं कुठे? तू गाड्यांतला माणूस, तूच समजाव त्याला."

मी समजवायला फोन केला आणि दीड तासानंतर मलाच समजावून झालं होतं.

गाडी होती माझदा मियाटा. जपानी कंपनी, हिरोशिमाची. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही पहिल्यांदा लोकांसमोर आली. वर कापडी टप, तो मागे टाकला की उघडी. इंजिन १६०० सीसीचं, ताकद ११६ हॉर्सपॉवर. आजकाल आपल्याकडच्या साध्या गाड्याही एवढी ताकद देतात, तेव्हा माझा पहिला प्रश्न हाच होता, की बाबा, हिला स्पोर्ट्स कार का म्हणायचं? भाचा म्हणाला, "मामा, तू वजन विचारलं नाहीस."

वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. इथे माझ्यातला डिप्लोमा जागा झाला. इंजिन पुढे, पण पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे सरकवलेलं. ओढ मागच्या चाकांना. पुढे-मागे वजन जवळजवळ निम्मं-निम्मं. वळणावर गाडीचं नाक जड होत नाही. पाचशे हॉर्सपॉवरची गाडी असेल तर रस्त्यावर तिची निम्मी ताकदही कधी वापरता येत नाही, तुरुंगात जाल. ह्या गाडीची सगळीच्या सगळी ताकद साध्या गावरस्त्यावर वापरता येते. गियर टाकला की लिव्हर जेमतेम दोन इंच हलतो आणि टकदिशी बसतो. कंपनीने एक्झॉस्टचा आवाजसुद्धा मुद्दाम जुळवून घेतला होता. माझदाचे लोक ह्या सगळ्याला जिन्बा इत्ताई म्हणतात, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. होळकरांच्या गावात हे फार समजावून सांगायची गरज नसावी.

ही कल्पना मुळात इंग्रजांची. एमजी, ट्रायम्फ, लोटस अशा छोट्या उघड्या गाड्या इंग्लंडमध्ये बनायच्या. चालवायला मजेदार, पण तेल गळायचं, पावसात वायरिंग दगा द्यायचं. एमजीबी १९८० साली बंद झाली आणि तो प्रकारच संपल्यासारखा झाला. माझदाने तीच गाडी पुन्हा बनवली, फक्त सकाळी हमखास सुरू होणारी. अमेरिकेत किंमत ठेवली १३,८०० डॉलर. म्हणजे शाळामास्तरणीला, पोस्टातल्या माणसाला परवडेल अशी. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या. दोन सीटांच्या गाडीचा एवढा खप!

आता रंगाकडे येतो, कारण ताईची दुसरी तक्रार रंगाची होती. गाडी निळी. कंपनीचं नाव मरिनर ब्लू.

आपल्याकडे रंग कसा ठरतो ते तुम्हाला माहीत आहे. पांढरा ऊन कमी खातो. चंदेरीवर धूळ दिसत नाही. काळा नको, शनिवारी शोरूममधून आणायची का असली गाडी! आणि सगळ्यात शेवटी, विकताना काय येईल. म्हणजे आपण पाच-सात लाख मोजून, हप्ते भरून, जी गाडी घेतो तिचा रंग अशा माणसासाठी निवडतो जो अजून भेटलेलाच नाही. दहा वर्षांनी येणारा गिऱ्हाईक!

शौकिनांचं गणित निराळं. त्यांचे रंग शर्यतीतून आले आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गॉर्डन बेनेट कप नावाची मोटारींची शर्यत देशादेशांत होत असे, तेव्हापासून देशांना रंग मिळत गेले. फ्रान्सचा निळा. जर्मनीचा पांढरा, पुढे चंदेरी. इटलीचा लाल, म्हणून फेरारी म्हटलं की डोळ्यांपुढे लालच येते. इंग्रजांचा हिरवा. त्याची गोष्ट अशी सांगतात की १९०३ ची शर्यत आयर्लंडमध्ये झाली, आणि त्या यजमान भूमीचा मान म्हणून इंग्रजांच्या गाड्या हिरव्या झाल्या. पुढे माझदाने मियाटा गडद हिरव्या रंगात आणि आत बदामी चामड्यात काढली, तेव्हा जुन्या इंग्रजी गाड्यांवर जीव असणाऱ्यांनी नेमकी तीच मागितली. गाडी जपानी, विकत घेणारा अमेरिकन, आणि रंग इंग्रजांचा.

आमच्या भाच्याने निळा का घेतला? आमच्या दादांची स्कूटर निळी होती. मागे उभा राहायचा तो, दादांच्या खांद्याला धरून, जवाहर मार्गावरून. मी मनाशी ठरवूनच टाकलं की नातवाने आजोबांची आठवण जपली. गळा भरून विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "नाही रे मामा. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तिकडच्या गाड्या खालून गंजून जातात. म्हणून अ‍ॅरिझोनातली बघितली. तिथे गंज नाही, पण ऊन फार, तिथल्या लाल गाड्या फिकट गुलाबी पडलेल्या. ही निळी एका म्हाताऱ्याने गॅरेजमध्ये सावलीत ठेवली होती."

म्हणजे रंगाचा निर्णय मीठ आणि उन्हाने केला. शौकीन माणूस वाटतो तेवढा भाबडा नसतो. आता हिवाळ्याचे चार महिने ती झाकून ठेवतो आणि जुन्या सेडानने ऑफिसला जातो.

पण मला खरी गंमत वाटली ती ऑप्शन्सची. आपण शोरूममध्ये गेलो की विचारतो, टॉप मॉडेलमध्ये जास्त काय आहे? हे लोक विचारतात, कमी काय करता येईल? भाच्याच्या गाडीत पॉवर स्टिअरिंग नाही. एसी नाही. काचा हाताने फिरवून वर करायच्या. हे सगळं तेव्हा ऑप्शनमध्ये मिळत होतं, पहिल्या मालकाने घेतलं नाही, आणि भाच्याने तशीच शोधून काढली. कारण? पॉवर स्टिअरिंगमध्ये तेलाचा दाब तुमचं काम करतो. हात हलका होतो, पण पुढची चाकं रस्त्यावर काय करताहेत ते हातापर्यंत पोचत नाही. एवढ्या हलक्या गाडीला त्या मदतीची गरजच नाही, पार्किंग करताना सोडून. तेव्हा दंड भरून येतात, असं तो स्वतः कबूल करतो.

एकच ऑप्शन त्याला हवा होता, लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल. शेतावर ज्यांनी ट्रॅक्टर चालवलाय त्यांना कळेल. चिखलात एक चाक रुतलं की तेच गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म. ते होऊ न देणारी योजना. वळणावर आतलं चाक हलकं झालं तरी ओढ तुटत नाही. ही वस्तू बाहेरून कोणालाही दिसत नाही. शेजाऱ्याला तर मुळीच नाही.

पोर्शे कंपनीची एक गाडी आहे, १९७३ ची ९११ कॅरेरा आरएस. तिच्या हलक्या प्रकारात मागच्या सीटा काढल्या, घड्याळ काढलं, दार ओढायला हँडलऐवजी कातडी पट्टा लावला. आज तोच प्रकार जास्त मोलाने विकला जातो. खरं सांगायचं तर इथे मला शंका येते. कारण शौकिनांतसुद्धा असे लोक शिरले आहेत, जे दुर्मिळ रंग आणि दुर्मिळ ऑप्शन बघून गाडी घेतात आणि चालवतच नाहीत. किलोमीटर वाढले की भाव उतरतो ना! पुन्हा तोच दहा वर्षांनी येणारा गिऱ्हाईक. फक्त त्याच्या खिशात पैसे जास्त.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं काय सांगतोस, आपलं सांग. सांगतो.

शौकाने मागवलेल्या गाड्यांत जगातली एक फार मोठी गाडी ह्याच इंदूरची होती. श्रीमंत यशवंतराव होळकर, दुसरे. ज्यांनी माणिकबाग एका जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेतली. तिथे आता केंद्राचं कर खात्याचं कार्यालय आहे, आमच्यासारख्यांची रोज तिथे ये-जा असते. यशवंतरावांनी १९३५ च्या सुमाराला अमेरिकेच्या इंडियानापोलिसमधून ड्यूसेनबर्ग एसजे मागवली. त्या काळी अशा गाडीचा सांगाडा आणि इंजिनच कंपनी द्यायची, वरचं शरीर आपल्या पसंतीने दुसऱ्याकडून करून घ्यायचं. ते लंडनच्या गर्नी नटिंगने केलं. इंजिन पावणेसात लिटरच्या वर, आठ सिलिंडर एका रांगेत, सुपरचार्जरसह ३२० हॉर्सपॉवर. भारतातल्या रस्त्यांसाठी स्टिअरिंग उजवीकडे. सांगाडा लांबातला लांब घेतला. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरच चार मीटरला टेकलेलं. आज कर वाचवायला आपल्या छोट्या गाड्या चार मीटरच्या आत बसवतात, त्यांची अख्खी गाडी जेवढी लांब, जवळजवळ तेवढं यांच्या नुसत्या दोन चाकांमधलं अंतर.

आणि एवढ्या लांब गाडीत मुख्य सीटा किती? दोन. बाकी सगळं बॉनेट आणि मागे निमुळती होत गेलेली शेपटी. रंग भगवट नारिंगी आणि काळा. पुढे लाल आणि निळा असे दिवे, आत महाराज आहेत की महाराणी ते रस्त्यावरच्या पोलिसाला कळावं म्हणून, असं सांगतात. हे ऑप्शन कुठल्याच कॅटलॉगमध्ये नव्हते. गाडी पुढे अमेरिकेला परत गेली. तिचे फोटो पाहिले की मला दर वेळी तो रंगच आधी दिसतो. लंडनच्या कारागिराला तो सुचला नसता, तो इथून गेला.

महाराजांना विचारणारं कोणी नव्हतं, मागे बसायचं कुणी म्हणून. आमच्या भाच्याला ताई होती.

गेल्या उन्हाळ्यात ताई आणि भाऊजी ओहायोला गेले. विमानतळावर घ्यायला तो सेडान घेऊनच आला, सगळं सामान बसलं. ताई म्हणाली, बघ, शेवटी हीच कामाला आली. नंतरच्या रविवारी त्याने निळी बाहेर काढली. एका वेळी एकच माणूस बसणार, म्हणून आधी भाऊजींना घेऊन गेला.

भाऊजी बँकेतून निवृत्त झाले आहेत, फार कमी बोलतात. मुलाशी फोनवर त्यांचं बोलणं म्हणजे, "ठीक आहेस ना? थांब, आईला देतो." बारा वर्षं मुलगा तिकडे आहे, बारा वर्षं हेच. घरात ताई असते, सून असते, नातू असतो. चार माणसांच्या गाडीत भाऊजी मागे खिडकीकडे बघत बसतात. त्या दिवशी मागे बसायला जागाच नव्हती. अर्ध्या तासात येतो म्हणून गेलेले दोघं तीन तासांनी आले. टप मागे, भाऊजींचा चेहरा उन्हाने लाल, डोक्यावर नातवाची टोपी. ताईने विचारलं, एवढा वेळ कुठे होता? म्हणाले, "गाडी बरी आहे." एवढंच. काय बोलणं झालं ते तिला अजून माहीत नाही. मला थोडं माहीत आहे, पण ते मी इथे सांगणार नाही. भाऊजीही समोर आहेत.

दुसऱ्या दिवशी ताई गेली. तिचा फोन मला तिकडूनच आला. म्हणाली, केस पार विस्कटले, कानात वारा गेला, आणि परवा परत जायचं आहे.

शेवटी माझं. आमची जुनी गाडी चौदा वर्षांची झाली. पांढरी, अर्थातच. दसऱ्याला नवीन घ्यायची म्हणून नाव नोंदवलंय. स्पोर्ट्स कार नाही, घाबरू नका. पाच सीटा, चार मीटरच्या आत, मुलीची बारावी आहे. परवा शोरूममधल्या मुलाने फोन केला, "सर, पांढरी लगेच देतो. निळी हवी तर दोन महिने लागतील, आणि सर, विकताना थोडा फरक पडेल. काय लिहू?" मी त्याला म्हटलं, शुक्रवारी सांगतो. आज गुरुवार आहे आणि आमच्या सौभाग्यवती तिसऱ्या रांगेतून मघापासून माझ्याकडे बघताहेत, तेव्हा मी इथेच थांबतो.

गणपती बाप्पा मोरया.