टेबलावरचा उंदीर बदलताना

(मंडळाच्या गणेशोत्सवात सायंकाळी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्हा दोघा नवरा-बायकोला यंदा बोलायला सांगितलं तेव्हा आम्ही विषय कळवला, आणि कार्यवाहांचा लगेच फोन आला, "नक्की माउसवरच बोलणार ना?" होय, नक्की. बाप्पाच्या पायाशी उंदीर बसलेला आहे. त्याच्या नावाच्या यंत्रावर बोलायला याहून चांगली जागा कुठली?

आपल्यापैकी बऱ्याच घरांचे आजोबा-वडील जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडून गाडीत बसले आणि उधन्याला उतरले. त्यांचा हात मागावर चालला. आज त्यांची मुलं-नातवंडं एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करतात, साड्यांची डिझाइनं काढतात, जॉबवर्कची बिलं आणि जीएसटीचे हिशेब लिहितात. घराची चूल आता मोठ्या प्रमाणावर माउसवर चालते. पण माउस बिघडला की आपण काय करतो? जाता-येता दुकानातून सर्वांत स्वस्त उचलून आणतो. आम्हीही तेच करत होतो. ते आम्हाला कसं महागात पडलं, ते आधी सांगतो.

आमच्या घराच्या खालच्या खोलीत आमचं छोटं ऑफिस आहे. आमच्यापैकी एक पंचिंग करतो, दुसरी आजूबाजूच्या खातेदारांचे हिशेब लिहिते. तीन वर्षांपूर्वी नंदुरबारकडून आमचा भाचा काम शिकायला आला. वय एकोणीस, हात चलाख. सहा महिन्यांत तो स्वतंत्र डिझाइन करू लागला. मग अचानक त्याच्या कामात चुका निघू लागल्या. कुठे एक बिंदू जास्तीचा, कुठे पाकळी अर्धवट बंद झालेली. एकदा अशी चूक आमच्या नजरेतून सुटली आणि डिझाइन मशीनवर गेलं. एम्ब्रॉयडरीच्या मशीनला एका ओळीत कितीतरी हेड असतात हे आपल्याला माहीतच आहे. चूक एकाच बिंदूची, पण ती सगळ्या हेडांवर एकाच वेळी भरली गेली. पार्टीने माल परत केला, नुकसान आम्ही भरलं.

त्या रात्री आम्ही त्याला खूप बोललो. तो एवढंच म्हणाला, "मामा, मी एकदाच दाबलं होतं. मामी, खरंच एकदाच." आम्ही ऐकलं नाही. लक्ष मोबाइलमध्ये असतं, असंही म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्याने गावी जाण्यासाठी पिशवी भरली. योगायोगाने त्याच दिवशी हिशेबाचा माउस बंद पडला, म्हणून त्याचा माउस तिथे लावला. एका क्लिकवर फक्त निवडली जायला हवी ती फाइल आपोआप उघडत होती. एकदा नव्हे, दर दहा-बारा क्लिकला. मुलगा खरं बोलत होता. माउस एकदा दाबला की दोनदा मोजत होता.

आमच्या वडिलांनी आयुष्यभर माग चालवला. धागे तुटू लागले की ते आधी धोटा हातात घेऊन त्यावरून बोट फिरवायचे, कुठे खरखरीत झालाय का बघायचे. कारागिराला बोल लावणं त्यानंतर. आम्ही त्यांच्याच घरात वाढलो आणि नेमकं उलट केलं. भाच्याची माफी मागितली. तो आजही आमच्याकडे आहे. आजचं भाषण त्या माफीचाच एक भाग समजा.

आता मुद्द्याचं. हा माउस मुळात अमेरिकेतल्या डग्लस एंगलबार्ट यांची कल्पना. त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला माउस बनवला तो लाकडी होता, खाली दोन चाकं होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो लोकांसमोर चालवून दाखवला गेला. मग गोळीचा माउस आला. ती गोळी काढून आतला मळ नखाने खरवडल्याचं इथे अनेकांना आठवत असेल. आताच्या माउसच्या पोटात एक इवलासा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून जास्त छायाचित्रं घेतो आणि त्यांची तुलना करून हात कुठे सरकला ते ठरवतो.

यातून उधन्याचा खास आजार कळतो. आपल्याकडे हवेत सुताची तूस आहे. एक तंतू त्या कॅमेऱ्याच्या भोकात अडकला की बाण उड्या मारायला लागतो. म्हणून माउस टाकून देण्याआधी तो उलटा करा, मऊ ब्रशने भोक साफ करा. वायरलेस असेल तर सेल बदला. खाली काच किंवा चकचकीत सनमायका असेल तर साधं पॅड ठेवा. दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा. शेवटी दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. दोष माउसबरोबर तिकडे गेला तर माउस बदलायचा; इथेच राहिला तर दोष कॉम्प्युटरचा. या पाच मिनिटांत आम्ही अनेक माउस वाचवले आहेत.

एकाचे दोन क्लिक होण्याचा आजार मात्र ब्रशने जात नाही. बटणाखाली एक बारीक स्विच असतो, त्यात धातूची पातळ पट्टी असते. लाखो वेळा दाबून ती थकते, टेकते तेव्हा थरथरते, आणि कॉम्प्युटरला एकाच्या जागी दोन ठोके ऐकू येतात. तपासायचं असेल तर एखाद्या फोल्डरवर सावकाश, थांबून थांबून पन्नास वेळा एकेकदा क्लिक करा. एकदाही ते उघडलं तर माउसवर भरवसा ठेवू नका. मजकूर निवडताना पकड मध्येच सुटत असेल, तर तोही याच आजाराचा प्रकार.

आता नवा कोणता घ्यायचा? आमचं एकच सांगणं आहे: घरात आणि ऑफिसात सगळ्यांना एकच माउस घेऊ नका. काम मोजा आणि हात मोजा.

आधी काम. बऱ्याच कंपन्या बटणाचं आयुष्य क्लिकमध्ये सांगतात: ३० लाख, ५० लाख, १ कोटी. आम्ही आमचा ढोबळ हिशेब मांडला. पंचिंग करणारा मिनिटाला वीस क्लिक करतो असं धरा. आठ तासांत झाले जवळजवळ १० हजार, वर्षाच्या ३०० दिवसांत ३० लाख. म्हणजे ३० लाखांचा माउस त्याला वर्षभरच पुरणार. हिशेब लिहिणाऱ्याचे दिवसाला दोन हजार धरले तर वर्षाला ६ लाख. तोच माउस पाच वर्षं. घरी वीजबिल भरणाऱ्या, मुलांचा अभ्यास बघणाऱ्या माणसाचे पाचशे धरले तर त्याला तो माउस कदाचित कधीच झिजवता येणार नाही. तेव्हा महाग माउस पंचिंगवाल्याला द्या, घरी साधा चालेल. आमच्याकडे नेमकं उलटं होतं: मालकाच्या टेबलावर चांगला आणि शिकाऊ मुलाच्या हातात सर्वांत स्वस्त.

खोक्यावर डीपीआयचा मोठा आकडा असतो. त्याला भुलू नका. डीपीआय म्हणजे हात एक इंच सरकला की बाण किती सरकणार, याचं माप. रोजच्या कामाला ८०० ते १६०० पुरतात. पंधरा-वीस हजारांचा आकडा खेळ खेळणाऱ्यांसाठी.

वायरचा की बिनवायरचा? दिवसभर एकाच टेबलावर बसणाऱ्याला वायरचाच बरा. सेल संपण्याची भीती नाही, हरवत नाही, स्वस्तही पडतो. लॅपटॉप घेऊन बाजारात पार्टीकडे जाणाऱ्याला बिनवायरचा सोयीचा. त्याची चिमुकली रिसीव्हर-पिन निळ्या यूएसबी पोर्टशेजारी लावली, आणि त्या पोर्टमध्ये हार्डडिस्क चालू असेल, तर माउस अडखळू शकतो. पिन दूरच्या पोर्टमध्ये लावा. एकाच कंपनीचे दोन-तीन माउस ऑफिसात असतील तर पिन आणि माउसवर रंगीत चिकटपट्टी लावा, नाहीतर एकाचा बाण दुसरा हलवतो. आणि खात्यात एखादा फार जुना कॉम्प्युटर असेल तर मागे गोल हिरवं पोर्ट आहे की यूएसबी, ते बघूनच निघा.

आता हात. मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. साधारण सतरा सेंटिमीटरच्या आत असेल तर लहान माउस, वीसच्या आसपास किंवा पुढे असेल तर मोठा. बायकांच्या आणि मुलांच्या हातात पुरुषांच्या मापाचा माउस देऊन वर "सवय होईल" म्हणणं बरोबर नाही. डावखुऱ्यांसाठी दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माउस घ्या आणि सेटिंगमध्ये बटणं अदलाबदल करून द्या. आजी-आजोबांसाठी डबल-क्लिकचा वेग कमी करा, बाण मोठा करा. त्यासाठी नवा माउस लागत नाही. एका खोलीच्या घरात मुलगी रात्री अभ्यास करते आणि बाळ झोपलंय, तिथे आवाज न करणारा सायलेंट माउस खरोखर उपयोगाचा.

हस्तांदोलन करतो तसा हात उभा ठेवणारा व्हर्टिकल माउसही मिळतो. काहींना त्याने आराम पडतो. पण तो औषध नाही. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर दुकानात न जाता डॉक्टरांकडे जा. मागावर काम करून गेलेल्या कानांची आपल्या वडिलांनी कधी तक्रार केली नाही. त्यांच्याकडे इलाज नव्हता. आपल्या मुलांच्या मनगटांच्या बाबतीत आपल्याकडे तो आहे.

विकत घेताना दुकानात हात ठेवून बघा, चाक फिरवा, दोन्ही बटणं दाबा. पक्कं बिल घ्या. वॉरंटीला ते लागतं, आणि धंद्याच्या नावाने घेतलं तर जीएसटीची वजावटही मिळते. महिन्याच्या २० तारखेला रिटर्न भरायचं असतं आणि माउस नेमका १९ ला रात्री जातो, हा आमचा अनुभव आहे. म्हणून एक साधा वायरचा माउस कपाटात नेहमी जास्तीचा ठेवा.

मंडपाच्या डाव्या हाताला टेबलावर आम्ही लहान, मोठा, उभा आणि सायलेंट असे चार माउस ठेवले आहेत. आरतीनंतर येऊन हातात धरून बघा. घरचा बिघडलेला माउस उद्या संध्याकाळी घेऊन या. ब्रश आमच्याकडे आहे, आणि तपासायला आमचा भाचा बसणार आहे. झिजलेला माउस त्याच्याइतका लवकर कोणी ओळखत नाही.

गणपती बाप्पा मोरया!