साथीनंतरचा ताप

साथ ओसरली म्हणजे घराघरांतील चिंताही ओसरते, हे स्वाभाविकच आहे. मोठी माणसे कामाला लागतात, मुले अंगणात खेळू लागतात आणि औषधांच्या चिठ्ठ्या कोठेतरी फळीवर पडून राहतात. परंतु विषाणूंचे काही परिणाम ह्या निश्चिंतीच्या काळातच प्रकट होतात. कोविडच्या साथीने ह्याचा ठळक दाखला दिला.

२०२० च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञांना असे आढळून आले, की पूर्वी धडधाकट असलेली काही मुले तीव्र ताप व खालावलेला रक्तदाब घेऊन रुग्णालयात येत आहेत. लक्षणे काही अंशी कावासाकी रोगासारखी होती. जपानचे बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये वर्णिलेला हा रोग बहुधा पाच वर्षांखालील मुलांना होतो. नवी व्याधी मात्र त्यांहून मोठ्या मुलांतही दिसत होती. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने तिची प्राथमिक व्याख्या केली. 'एम.आय.एस.-सी.' ह्या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. मराठीत तिला बहुअवयवी दाह म्हणता येईल. पुढे मुंबई व चेन्नई येथेही असे रुग्ण आढळले.

ही व्याधी संसर्गानंतर साधारणतः २ ते ६ आठवड्यांनी उद्भवते. शत्रू परतून गेला तरी सैन्याने शस्त्र खाली ठेवू नये आणि स्वतःच्याच गावावर चालून जावे, तसे शरीराच्या प्रतिकारशक्तीचे होते. हृदय, आतडी, त्वचा, डोळे ह्यांना एकाच वेळी दाह होतो. मूळ संसर्ग कित्येकदा इतका सौम्य असतो, की मुलाला तो होऊन गेल्याचे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

२०२१ मध्ये निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रवाशांकडे आर.टी.-पी.सी.आर. चाचणीचा दाखला मागितला जात असे. त्या दाखल्याने त्या वेळी विषाणू आढळला नाही, एवढेच कळे. मागे काय होऊन गेले, हे कळत नसे. बहुअवयवी दाहाच्या पुष्कळ मुलांतही ही चाचणी नकारार्थी येते. रक्तातील प्रतिपिंडेच मागच्या संसर्गाची साक्ष देतात.

निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, तर बेळगाव सुमारे ७५. घरातील एकाचा उपचार कोल्हापुरास आणि मुलाचा बेळगावास, असे ह्या भागात सहज घडू शकते. मग एका गावचा कागद दुसऱ्या गावच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचेलच, असे नाही. दोन आजारपणांतील दुवा अशा वेळी केवळ घरच्या माणसांनाच ठाऊक असतो. "महिन्यापूर्वी घरात सगळ्यांना ताप येऊन गेला," हे आईचे एक वाक्य निदानाची दिशा ठरवू शकते.

विड्या वळून दिवसाची मजुरी मिळवणाऱ्या आईला मुलासाठी दवाखान्याची वाट धरणे म्हणजे त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणे होय. म्हणूनच कोणता ताप थांबण्याजोगा नाही, हे तिला निश्चित कळले पाहिजे. ताप तीन दिवस हटत नाही. सोबत डोळे लाल, अंगावर पुरळ, पोटात तीव्र दुखणे, उलट्या वा जुलाब आहेत, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हातपाय गार पडणे, धाप लागणे, लघवी कमी होणे, मूल गुंगीत जाणे ह्यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता मोठे रुग्णालय गाठावे. पोटदुखीमुळे ह्या व्याधीला आंत्रपुच्छाचा दाह समजण्याची चूकही झालेली आहे.

रक्ततपासणी व हृदयाची इको तपासणी ह्यांवरून निदान होते. शिरेतून दिलेले इम्युनोग्लोब्युलिन व स्टेरॉइड ही मुख्य औषधे होत. वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक मुले बरी होतात. तथापि घरी परतल्यावरही हृदयाची फेरतपासणी चुकवू नये.

ही व्याधी प्रथमपासूनच विरळ होती, आणि पहिल्या लाटांच्या मानाने आता ती अधिकच विरळ झाली आहे. परंतु तिने दिलेला धडा जुना होणारा नाही. साथ गावातून गेली, तरी मुलाच्या शरीरातून ती पुरती गेली की नाही, हे काही आठवडे पाहावे लागते. फळीवरची चिठ्ठी तोवर जपून ठेवावी, आणि मुलाला नेताना तीही बरोबर न्यावी.