ऋणमुक्तीची मधली वाट
(भोर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, सेवानिवृत्तांना शाल-श्रीफळ मिळते. कर्ज फेडून मोकळ्या झालेल्या गृहस्थाचा गौरव झाल्याचे मात्र मला स्मरत नाही. तसा तो व्हावा अशी माझी सूचनाही नाही. कारण त्यासाठी आपणांस कर्ज होते हे प्रथम चारचौघांत सांगावे लागेल, आणि तेथेच आपली जीभ अडखळते. आज मी ते सांगण्यासाठीच उभा आहे.

वेल्ह्याच्या माथ्यावर तोरणा उभा आहे. त्या गडावर शिवरायांना धन सापडले व त्या धनातून समोरचा राजगड उभा राहिला, ही कथा आपल्या मुलखातील प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असते. धन सापडावयास एक दिवस पुरला असेल. राजगडाच्या माच्या आणि तटबंद्या उठावयास मात्र वर्षे लागली. आपण पहिली गोष्ट रंगवून सांगतो, दुसरी सांगत नाही. कर्जदाराच्या मनाचेही तसेच आहे. जमिनीला भाव येईल, रस्त्यात जागा जाईल, सरकार माफी देईल, अशा एखाद्या तोरण्याच्या हंड्याकडे तो डोळे लावून बसतो. २०१७ व २०१९ साली महाराष्ट्रात ज्या माफी योजना झाल्या, त्या शेतीकर्जासाठी होत्या. मुलीच्या लग्नासाठी काढलेल्या वैयक्तिक कर्जास त्यांचा स्पर्शही होणार नव्हता. तरीही मी त्या बातम्या आशेने वाचीत असे, हे कबूल करतो.

माझे कर्ज तीन लाखांचे होते, व्याज द.सा.द.शे. १२, मुदत ६० महिने, हप्ता ६,६७३ रुपये. मी प्राथमिक शिक्षक. गणित शिकविण्यात उभा जन्म गेला. पण हे एक गणित मांडावयास मला दोन वर्षे लागली. पहिल्या हप्त्यातील ३,००० रुपये व्याजात गेले. पहिल्या वर्षी सुमारे ८०,००० रुपये भरले, त्यांतून मुद्दल फिटले अवघे साडेसेहेचाळीस हजार. अशा कर्जात ३० हप्ते भरून अर्धी मुदत सरते तेव्हाही १,७२,००० रुपये शिल्लकच असतात. बाकी निम्म्याखाली येण्यास ३५वा हप्ता उजाडावा लागतो. याउलट शेवटच्या वर्षी व्याज पाच हजारांहूनही कमी भरावे लागते. म्हणजे श्रम सारखेच, फळ मात्र आरंभी थोडे आणि शेवटी पुष्कळ. धीर सुटतो तो नेमका या मधल्या काळात. आणि सुटतो तो माणूस आळशी असतो म्हणून नव्हे, तर आपण कोठवर आलो हे त्याला दिसत नाही म्हणून.

या जिल्ह्याला ऋणाचा इतिहास ठाऊक आहे. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळले. त्या दंग्याच्या चौकशीनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्या कायद्याने न्यायाधीशास रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा व देणे हप्त्यांनी ठरवून देण्याचा अधिकार दिला. मूळ रक्कम किती, व्याज किती, आजवर पोहोचले किती, असा जाब त्या काळी कोर्टात विचारला जाऊ लागला. तोच जाब आपण आपल्या घरी आपल्या कागदपत्रांना का विचारू नये? शेतकऱ्याने रोखा जाळला तो रागाने. मी बँकेचे पत्रक न वाचताच कपाटात टाकीत असे ते भीतीने. परिणाम पाहता माझी कृती अधिक मूर्खपणाची होती.

विसाव्या महिन्यात माझ्या साडूंच्या घरी लग्न निघाले. मानपान, आहेर, येण्याजाण्याचा खर्च. "मास्तरांनी हात आखडता घेतला," असे कोणी म्हणू नये म्हणून मी एकाकडून हातउसने घेतले आणि बँकेचे दोन हप्ते चुकविले. बंधूंनो, आपल्या गावांतील सोसायटीचे "नवे-जुने" आपणांस ठाऊक आहे. मार्चअखेरीस कोणाकडून तरी जबर व्याजाने आठ दिवसांसाठी पैसे आणावयाचे, सोसायटीचे पीककर्ज भरल्याचे दाखवावयाचे, नवे कर्ज मिळताच त्याचे फेडावयाचे. कागदावर माणूस नियमित. घरात मात्र कर्ज तसूभरही हललेले नाही. मी नोकरदार असून तेच करीत होतो.

घरी हे कोणास ठाऊक नव्हते. एके दिवशी वसुलीचा माणूस दारात आला. मी शाळेत होतो. सौभाग्यवतीने त्याला पाणी दिले, सर्व ऐकून घेतले, आणि मी आल्यावर एवढेच विचारले, "किती राहिलेत?" मला सांगता आले नाही. रक्कम लपविल्याचा तिला राग आलाच; पण रक्कम मलाही ठाऊक नाही, याचा राग त्याहून मोठा होता.

त्या रात्री तिने मुलाच्या जुन्या वहीची कोरी पाने काढली. प्रत्येक पानावर महिना, भरलेला हप्ता आणि उरलेले मुद्दल. भरलेले किती याची बेरीज तिने मांडू दिली नाही. "उरलंय किती, तेवढंच लिहा," असे ती म्हणाली. वही देव्हाऱ्याजवळ, सर्वांना दिसेल अशी ठेवली. चुकलेल्या हप्त्यांसाठी तिने आपल्या कानांतील कुड्या मोडल्या. त्याबद्दल मी येथे अधिक बोलू शकणार नाही. पुढे दोन वर्षे घरचा इंद्रायणी तांदूळ निघाला, तो खाण्यापुरता ठेवून उरलेला विकला आणि तो पैसा, बँकेत लेखी अर्ज देऊन, थेट मुद्दलात जमा करविला. हे अर्जाचे अवश्य ध्यानात ठेवावे. नुसते जादा पैसे खात्यावर ठेवल्याने मुद्दल कमी होते असे नाही. ज्या महिन्यात तांदळाचे पैसे भरले, त्या महिन्यात वहीतील आकडा एकदम खाली उतरे आणि धाकटा मुलगा तो मोठ्याने वाची.

त्याच काळात तीन लग्नांच्या पत्रिका आल्या. दोहोंना आम्ही गेलो, अक्षता टाकल्या, नारळ दिला. तिसऱ्या ठिकाणी मी यजमानांना आधीच सांगितले की, यंदा आहेर जमणार नाही, हप्ते चालू आहेत. ते गृहस्थ क्षणभर गप्प झाले, मग मला बाजूला नेऊन हळूच म्हणाले, "मास्तर, तुमची ती वही एकदा दाखवा हो." या लग्नासाठी त्यांनी किती काढले होते ते त्यांनी नंतर सांगितले. हा मंडप सजविताना ज्यांचा जीव गुदमरला होता, त्यांच्याच मानासाठी मी कर्ज काढणार होतो. आपल्या मंडळाने आहेर-मानपान बंद करण्याचा ठराव करावा की नाही, यावर कार्यकारिणीत मतभेद आहेत हे मी जाणतो. निदान निमंत्रणपत्रिकेवर "आहेर स्वीकारला जाणार नाही" ही ओळ छापणाऱ्यांची नावे या स्मरणिकेत द्यावीत, एवढी विनंती मी अध्यक्षांकडे केली आहे.

मुदतीच्या चार महिने आधी बाकी शून्य झाली. बँकेतून बेबाकीचा दाखला घेऊन भोरच्या बाजारातून चालत आलो, काही खरेदी केली नाही. घरी सौभाग्यवतीने वहीच्या शेवटच्या पानावर शून्य लिहिले. त्याखाली दुसऱ्या दिवसापासून तिने नवा रकाना पाडला आहे, कुड्यांचा. त्यात दरमहा काही ना काही पडते. अजून पुष्कळ बाकी आहे.

वही मी आज बरोबर आणली आहे. भोजनोत्तर ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी पाहावी.