कमानीसोबत दोन विद्यावेतनं
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेच्या कमानीसाठी निधी जमतोय, याचा आनंद आहे. त्याच निधीतून दोन मुलांना विद्यावेतन द्यावं, एवढीच माझी विनंती. कशासाठी, ते सांगते.

मी सॉफ्टवेअरमधली. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूतल्या लहरी तपासणाऱ्या संगणकीय चाचणीचा निष्कर्ष पुराव्यात धरला. माणसाच्या आठवणी आमचं यंत्र कशावरून ओळखतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला. पुढे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय अशा चाचण्या करायला मनाई केली. मानसशास्त्र आणि कायदा यांची गाठ पडते ती अशी.

त्यासाठी यंत्रच हवं असंही नाही. १९७४ साली अमेरिकेत लॉफ्टस आणि पामर यांनी ४५ विद्यार्थ्यांना अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात गाड्या ‘जोरात आदळल्या’ म्हटलं, तर सरासरी उत्तर ताशी सुमारे ४१ मैल आलं. ‘एकमेकींना लागल्या’ म्हटलं, तर ३२. एका शब्दाने एवढा फरक पडला.

आता आपल्या शिरूर-दौंडकडे बघा. इंग्रजांच्या कायद्याने पारध्यांवर जन्मापासून गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ साली तो कायदा गेला, संशय राहिला. पारधी वस्तीवर घरात पारधी बोली चालते, पोलीस जबाब मराठीत लिहितात. तपासातल्या अशा जबाबावर साक्षीदाराची सही कायद्यानेच घेत नाहीत. मग बोललेलं आणि लिहिलेलं यांत किती अंतर पडतं? दोन्ही भाषा येणारं वस्तीवरचं पोरच हे नीट शोधू शकेल. आजवर त्यांच्याबद्दल बाहेरच्यांनी लिहिलं. आता त्यांनी लिहावं.

पण संशोधन शिकावं लागतं. उत्तर न सुचवता प्रश्न कसा विचारायचा, समोरच्याची संमती कशी घ्यायची, नावं गुप्त कशी ठेवायची, आकडे कसे मांडायचे. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला जागा आहे. मात्र पुण्यात सुट्टीत दोन महिने बिनपगारी काम शिकायचं, तर खोलीभाडं, मेस आणि एसटीचा खर्च येतो. शिवाय त्या दिवसांत घरची मजुरी बुडते. हुशार मुलं तिथेच अडतात.

म्हणून आपल्या शाळेतून कॉलेजला गेलेल्या दोघांना ते दोन महिने दरमहा पैसे द्यावेत. त्यातली एक जागा भटक्या-विमुक्त समाजातल्या मुलीला असावी. आपल्यात वकील आहेत, प्राध्यापक आहेत. त्यांनी मार्गदर्शन करावं. आकडेवारीचं काम मी दर रविवारी शिकवीन, आणि पहिल्या वर्षीच्या एका विद्यावेतनाची रक्कम मी देते. दुसऱ्याचं कोण देणार, ते आज जेवणाआधी ठरवू या.